शिळा चेक

रविवारची दुपार होती. ज्वारीची भाकरी आणि मुगाची आमटी यांचं पोटात नुकतंच एकमत झालं होतं. पंखा महावितरणच्या मर्जीप्रमाणे फिरत होता आणि मी वर्तमानपत्राचा उपयोग ज्या कामासाठी तो खरा होतो त्या कामासाठी, म्हणजे तोंडावर घेऊन झोपण्यासाठी करत होतो. समोर आमची आठवीतली कन्या शेजारच्या मुलाशी बुद्धिबळ खेळत बसली होती. एकाएकी ती ओरडली, "चेक!"

आणि मी, खोटं सांगत नाही, डोळे न उघडता उजवा हात पुढे केला आणि म्हणालो, "खात्यात भरायचा की रोख?"

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत मला मान राहिलेला नाही. सौभाग्यवतींनी हा किस्सा हळदीकुंकवापर्यंत पोचवला. पण वीस वर्षं ज्याने काउंटरमागे बसून "चेक" या शब्दाला हात पुढे करण्यापलीकडे दुसरं उत्तर दिलेलं नाही, त्याने झोपेत तरी दुसरं काय करावं? फौजदार झोपेत शिव्या देतात, मास्तर झोपेत हजेरी घेतात. क्लार्क चेक घेतो.

मात्र जागा झाल्यावर मला त्या शब्दाचाच राग आला. बुद्धिबळात चेक, बँकेत चेक, अंगातल्या शर्टावर चेक, रस्त्यावर चेकनाका, दवाखान्यात चेकअप, आणि बायको म्हणते, "गॅस बंद केलाय का चेक करा." एका शब्दाने किती घरी मुक्काम ठोकावा! आमच्या शाखेत तीन कुलकर्णी आहेत आणि तिघांचं एकमेकांशी काही नातं नाही, उलट बोलणंही नाही. तसंच हेही असेल, असं मी गृहीत धरलं होतं. मी पडलो कॉमर्सचा. आमच्या बी.कॉम.ला चेकची व्याख्या होती, चेकचे प्रकार होते, चेकवर मारायच्या दोन तिरप्या रेघांचे परिणाम होते. चेकला चेक का म्हणतात हे विचारणारा विद्यार्थी आमच्या वर्गात नव्हता, आणि असता तर तो आर्ट्सला गेला असता.

पण इरेला पेटून कोश उघडले, आणि काय सांगू! सगळे सख्खे भाऊ निघाले. बाप एकच. आणि तो बाप साहेबाचा नव्हे. तो आमच्या आजोबांच्या ओळखीचा निघाला.

आमचे आजोबा निजामाच्या राजवटीत शिकले. बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेव्हा बीडला सरकारी कागदावर ‘भीर’ म्हणत आणि अंबाजोगाईला मोमिनाबाद. शाळा उर्दू, घर मराठी आणि हिशेब मोडीत, अशी आजोबांची तिहेरी कुचंबणा होती. उर्दू उजवीकडून लिहायची, मराठी डावीकडून. त्यामुळे त्यांच्या हाताखालचा कागद शेवटपर्यंत आपण कोणत्या बाजूने सुरू होणार या धास्तीत असे. त्यांना दोन व्यसनं होती, तंबाखू आणि बुद्धिबळ. पाराशेजारच्या ओट्यावर पट मांडला की संध्याकाळच्या आरतीला देवालासुद्धा थांबावं लागे. आणि समोरच्याच्या राजावर रोख धरला की ते चेक म्हणत नसत. मांडीवर थाप मारून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणत, "शह!"

तर, वाचकहो, तो ‘शह’ आणि हा ‘चेक’ एकच शब्द आहे. त्यात रुपयात पैशाचा फरक नाही.

खेळ आपला. चतुरंग. हत्ती, घोडे, रथ, पायदळ. सहाव्या शतकाच्या आसपास तो इराणात गेला आणि ‘चतरंग’ झाला. पुढे अरबांनी इराण जिंकलं, त्यांनी त्याला ‘शतरंज’ केलं. इराणी लोक राजाला ‘शाह’ म्हणत. तेव्हा समोरच्याच्या राजावर हल्ला केला की खेळणारा "शाह!" असं ओरडून बजावत असे. म्हणजे, बाबा रे, तुझ्या राजाकडे बघ. आणि राजाला पळायला जागा उरली नाही की "शाह मात!" मात म्हणजे मेला असं अरबी जाणणारे सांगतात, मात म्हणजे हतबल झाला, असं फारशी जाणणारे सांगतात. मला फारशी बाजू पटते. राजे मरत नाहीत, हतबल होतात. आमच्या शाखेतही मॅनेजर कधी निलंबित होत नाहीत, त्यांची बदली होते.

अरबांकडून हा खेळ दहाव्या शतकापर्यंत युरोपात पोचला. तिथे ‘शाह’ला लॅटिनने ‘स्काकस’ केलं, जुन्या फ्रेंचने ‘एस्चेक’ केलं, आणि इंग्रजापर्यंत येईतो त्याची शेंडी-शेपटी झडून ‘चेक’ एवढाच उरला. ‘शाह मात’चा ‘चेकमेट’ झाला. खुद्द ‘चेस’ हे नाव म्हणजे त्याच शब्दाचं अनेकवचन. चेस म्हणजे पुष्कळ शहा. तेव्हा आमच्या जिल्ह्याच्या पानावर दर उन्हाळ्यात ‘दुष्काळावर मात’ असा जो मथळा येतो, त्यातली ‘मात’ आणि साहेबाचा ‘मेट’ यांची आजी एकच. दुष्काळावर मात केल्याची बातमी दर उन्हाळ्यात का यावी, हा प्रश्न वेगळा.

आता मजा अशी की, इंग्रजाने शब्द घेतला आणि त्यातला राजा टाकून दिला. राजाला शह बसला म्हणजे हालचाल थांबली. म्हणून चेक म्हणजे थांबवणं. थांबवलं की माणूस तपासतो. म्हणून चेक म्हणजे तपासणं. चेकनाक्यावर अजूनही याच क्रमाने होतं, आधी थांबवतात, मग तपासतात. आणि ज्या पटावर हे सगळं चाले त्या पटावर काळे-पांढरे चौकडे. म्हणून चौकड्यांचा कपडा तोही चेक. माझ्या अंगातला निळा-पांढरा शर्ट सौभाग्यवतींनी सेलमधून आणलेला आहे. इराणच्या बादशहाशी त्याचा संबंध आहे हे कळल्यावर मला तो जरा कमी टोचू लागला.

पण हे झालं खेळाचं. शब्द बँकेत कसा शिरला? इथे मला, कॉमर्सच्या माणसाला, खरी गोडी लागली.

इंग्लंडात पहिल्या हेन्री राजाच्या काळी, म्हणजे ११०० ते ११३५ या दरम्यान, सरकारी वसुलीचा हिशेब घेण्याची एक रीत पडली. दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असं टेबल. त्याला चार बोटं उंचीची कड, म्हणजे वरची चकती घरंगळून कुणाच्या खिशात जाऊ नये. त्यावर काळं कापड, कापडावर आखलेल्या पट्ट्या. हा पट बुद्धिबळासारखा दिसे म्हणून त्याला ‘एक्सचेकर’ म्हणू लागले, आणि होता होता इंग्लंडच्या अख्ख्या खजिन्याचं नाव एक्सचेकर पडलं. तिथल्या अर्थमंत्र्याला आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणतात. म्हणजे अर्थ लावला तर बुद्धिबळाच्या पटाचा कारभारी. सोंगट्या हलवतो हे खरंच आहे म्हणा.

वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि मायकेलमसला, गावोगावचे शेरीफ वसुली घेऊन हजर होत. एका बाजूला शेरीफ, समोर खजिनदार आणि त्याची माणसं. मधे पट. एक जण पट्ट्यांत चकत्या मांडी, येणं किती, भरलं किती, बाकी किती. एका पट्टीत पेनी, पुढच्या पट्टीत शिलिंग, मग पौंड, मग विसा, मग शंभर, मग हजार. एवढा खटाटोप कशाला? तर त्यांच्याकडे आकडे रोमन होते आणि शून्य नव्हतं. कागदावर बेरीज करायची सोयच नव्हती. आणि नेमक्या त्याच काळात, १११४ साली, आपल्याकडे भास्कराचार्य जन्मले, ज्यांनी पुढे लीलावती लिहिली आणि शून्याला भागाकारात घालून पाहिलं. त्यांचं विज्जलविड म्हणजे आमचं बीडच, असं छातीठोक सांगणारे लोक आमच्याकडे आहेत. चाळीसगावकडचे लोक त्यांना पाटण्याला नेतात. मी बँकेत असल्यामुळे वादग्रस्त खात्यात हात घालत नाही.

कापडाचं म्हणाल तर त्यातही आम्ही मागे नव्हतो. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांबीचं कापड, आणि त्यावर पंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सुमारास पंचीकरण लिहून काढलं. इंग्रजांनी कापडावर वसुली मांडली, आम्ही वेदान्त मांडला. त्यामुळे त्यांचा खजिना भरला, आणि आमचा... जाऊ द्या.

त्या टेबलाचं साद्यंत वर्णन रिचर्ड फिट्झनील नावाच्या खजिनदाराने ११७०च्या दशकात लिहायला घेतलं. तो स्वतःच म्हणतो की बुद्धिबळात दोन राजांची लढाई असते तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची असते. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ‘वा!’ म्हणालो. साडेआठशे वर्षं झाली, पट तोच आहे. आमच्या शाखेत इन्स्पेक्शन येतं तेव्हा एका बाजूला हेड ऑफिसचे साहेब, समोर आमचे मॅनेजर, मधे टेबल, टेबलावर फायली आणि काजूची बशी. साहेब एक फाईल पुढे सरकवतात. मॅनेजर बशी पुढे सरकवतात. आम्ही क्लार्क लोक कडेला प्याद्यांसारखे उभे. पहिला बळी कोणाचा जातो हे बुद्धिबळ खेळणाऱ्यांना सांगायला नको.

वसुली भरल्याची पावती कशी देत? लाकडाची. हेझेल झाडाची काठी घेऊन तिच्यावर खाचा पाडत. तळहाताच्या जाडीची खाच म्हणजे हजार पौंड, अंगठ्याएवढी म्हणजे शंभर, करंगळीएवढी म्हणजे वीस, जवाच्या दाण्याएवढी म्हणजे एक. मग काठी उभी चिरायची. एक चिरफाळी त्याला, एक आपल्याला. पुढच्या वेळी दोन्ही जुळवून पाहायच्या. जुळल्या तर खरं. आमच्या लहानपणी गवळी दाराच्या चौकटीवर कोळशाने रेघा ओढून जायचा. पण त्याची जुळवायची दुसरी चिरफाळी आमच्या आईच्या डोक्यात असे आणि ती गवळ्याशी कधीच जुळत नसे. इंग्रजांनी या काठ्या १८२६ पर्यंत चालवल्या. मग प्रश्न आला, जुन्या काठ्यांचं करायचं काय? सहाशे-सातशे वर्षांचा ढीग. जुना रेकॉर्ड नष्ट करण्याबाबतचं परिपत्रक तिकडेही निघालं असावं. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या काठ्या पार्लमेंटच्या तळघरातल्या भट्ट्यांत घातल्या. लाकूड जुनं, खणखणीत वाळलेलं. संध्याकाळपर्यंत पार्लमेंटची इमारत पेटली आणि बहुतेक सगळी जळून गेली. तेव्हापासून आमच्या रेकॉर्डरूमच्या ढिगाऱ्याकडे मी आदराने पाहतो. तो नष्ट करण्यापेक्षा उंदरांवर सोपवलेला बरा.

ही दुसरी चिरफाळी म्हणजेच आपल्या कचेरीतली स्थळप्रत. मूळ कागद खरा की खोटा हे जिच्याशी जुळवून तपासायचं ती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला या स्थळप्रतीला ‘चेक’ म्हणू लागले, कारण तपासणं म्हणजे चेक. मग स्थळप्रतीवरून नाव मूळ कागदालाच चिकटलं. पैसे द्या अशी चिठ्ठी लिहिण्याची पद्धत त्याच्या आधीची. लंडनच्या एका पेढीवर १६५९ साली लिहिलेली चारशे पौंडांची चिठ्ठी अजून जपून ठेवलेली आहे. छापील फॉर्म १७१७च्या सुमारास बँक ऑफ इंग्लंडने काढले. स्पेलिंगला मात्र बराच काळ ठावठिकाणा नव्हता. शेवटी १८२८ साली गिल्बर्ट नावाच्या बँकवाल्याने आपल्या पुस्तकात क्यू-यू-ई असं शेपूट असलेला ‘चेक’ पसंत केला. कारण त्याने अर्थाचा घोळ होत नाही आणि तो एक्सचेकरशी जुळतो. अमेरिकेने ते शेपूट लावून घेतलं नाही. त्यामुळे आमच्या शाखेत एकदा एका अमेरिकेतल्या जावयाच्या पत्रावरून, त्याने स्पेलिंग चुकवलं आहे, असा शेरा मी मारला होता. तो मागे घेतो.

काही विद्वानांचं म्हणणं वेगळं आहे. ते म्हणतात, चेक हा अरबी ‘सक्क’पासून आला. अरब व्यापारी अशा चिठ्ठ्या फार आधीपासून लिहीत हे खरं आहे. दहाव्या शतकात इब्न हौकल नावाच्या प्रवाशाने सहारा वाळवंटाच्या पलीकडच्या औदाघुस्त गावी बेचाळीस हजार दिनारांचा असा एक सक्क पाहिल्याचं लिहून ठेवलंय. वाळवंटात बेचाळीस हजार! आमच्याकडे पाच हजारांचा विथड्रॉल आला तरी कॅशियर एकदा वर बघतो. पण कोशकार बहुतेक बुद्धिबळाच्या बाजूने आहेत आणि मीही त्यांच्याबरोबर आहे. आजोबांचा पट सोडून मी औदाघुस्तला कशाला जाऊ?

तशा आपल्याकडे हुंड्या होत्याच. दर्शनी हुंडी, म्हणजे दाखवताच पैसे. मुदती हुंडी, म्हणजे मुदत भरल्यावर पैसे. आणि एक होती शहाजोग हुंडी. तिचे पैसे वाटेल त्या माणसाला मिळत नसत. बाजारात ज्याची पत आहे अशा शहालाच ते द्यायचे. आपल्या दोन रेघांच्या चेकची ही थोरली बहीण. हा शहा मात्र इराणचा नव्हे. हा संस्कृत ‘साधु’चा ‘साहु’, ज्याच्यापासून आपला सावकार झाला. साधूपासून सावकार, यावर मी काही बोलत नाही, आम्ही त्याच धंद्यात आहोत. पण ‘शहाजोग’ शब्दाची गंमत पाहा. एके काळी तो पत असलेल्या माणसाचं भूषण होता. आज आपण कुणाला ‘शहाजोग’ म्हणतो तर तो भांडायला उठेल. वरून साळसूद, आतून बेरका, असा त्याचा अर्थ झाला. शब्दाची पत अशी का घसरली, याचं उत्तर जुन्या पेढ्यांच्या वह्यांतच असणार.

सरकारने चेकला धनादेश असं भारदस्त मराठी नाव दिलं. आणि खरं सांगायचं तर तेच जास्त बरोबर आहे. १८८१च्या कायद्याप्रमाणे चेक म्हणजे बँकेला दिलेला आदेशच. पण आमच्या काउंटरवर वीस वर्षांत एकाही माणसाने ‘धनादेश’ म्हटलेलं नाही. धनादेश मंडपात असतो. तो पुठ्ठ्याचा, दरवाजाएवढा असतो, तो धरायला चार पाहुणे लागतात आणि त्याचा फोटो निघतो. धनादेश प्रदान होतो. वटतो तो चेक.

‘वटणे’ मात्र आमचा अस्सल. ‘वटाव’ हा सराफी शब्द. नाणं बदलून देताना कापायची रक्कम म्हणजे वटाव. आमच्या भागाला तो चांगला पाठ होता, कारण निजामाचं नाणं वेगळं, हाली सिक्का. आणि इंग्रजांचा रुपया कलदार. सात हालीचे सहा कलदार. आजी म्हाताऱ्या वयातही किंमत ऐकली की विचारायची, "हाली की कलदार?" हाली रुपया १९५९ मध्ये कायमचा बंद झाला, आजीचा बंद झाला नाही.

हे सगळं कोशांतून खणून काढत असताना एका जागी मी अडलो, आणि ती गोष्ट मला दहा-बारा वर्षं मागे घेऊन गेली.

बँकांना १ एप्रिल ही तारीख फार प्रिय. रिझर्व्ह बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ रोजी. चेक परत गेला तर तुरुंगाची तरतूद अमलात आली १ एप्रिल १९८९ रोजी. १९४१ साली निजामाच्या राज्यात निघालेली हैदराबाद बँक स्टेट बँकेत विसर्जित झाली ती १ एप्रिल २०१७ रोजी. आणि १ एप्रिल २०१२ पासून चेकचं आयुष्य सहा महिन्यांचं तीन महिने झालं. त्यानंतरच्या तारखेचा चेक तीन महिन्यांत आणला नाही तर तो आमच्या भाषेत ‘स्टेल’. मराठीत शिळा.

२०१३चा एप्रिल. गुढीपाडवा नुकताच झाला होता आणि जिल्हा दुष्काळाने होरपळत होता. पाण्याचे टँकर आणि चारा छावण्या याखेरीज रस्त्यावर काही हलत नव्हतं. त्या दिवसांत ऊसतोडीला गेलेली माणसं परत येतात. आमच्याकडे दसरा झाला की गावंच्या गावं रिकामी होतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, आणि एकटं माणूस ‘अर्धा कोयता’. मुकादमाची उचल घ्यायची, पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायचा, उचल फेडून यायचं. फिटली नाही तर पुढच्या साली पुन्हा.

अशातलीच एक बाई काउंटरवर आली. हातावर उसाच्या पाल्याचे ओरखडे. तिने पिशवीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून वर्तमानपत्राची घडी, आणि घडीतून चेक. सुरकुतीसुद्धा नाही. पाझर तलावात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याची राहिलेली रक्कम, अठरा हजार सहाशे चाळीस. एका सरकारी कचेरीने काढलेला, तारीख १९ नोव्हेंबर २०१२. ती गेली दसऱ्यानंतर, चेक आला दिवाळीनंतर. म्हाताऱ्या सासूने ज्वारीच्या कणगीत जपून ठेवला होता.

मी तारीख पाहिली आणि म्हणालो, "मावशी, हा शिळा झाला."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मग म्हणाली, "सायेब, भाकर शिळी व्हती. पैका कसा शिळा व्हतो?"

याचं उत्तर बी.कॉम.ला नव्हतं. मी तिला नियम सांगितला. तीन महिने, रिझर्व्ह बँक, एक एप्रिल. जुन्या नियमाने हा चेक अजून महिनाभर चालला असता, हेही मी मूर्खासारखं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मंग ते आमाला कोण सांगितलं?" मी भिंतीकडे बोट केलं. तिथे नोटीस होती. इंग्रजीत होती, मराठीत होती, तिच्यावर शिक्का होता. वर्षभरात तिची एक कड सुटून पंख्याच्या वाऱ्यावर फडफडत होती. बाई म्हणाली, "म्या उसात व्हते." आणि मला एकदम आजोबा आठवले, मांडीवर थाप मारणारे. शह द्यायचा तर मोठ्याने म्हणायचा, हा त्यांचा नियम होता. न बोलता राजा मारायला गेलेल्या गड्याला त्यांनी एकदा पटावरून उठवलं होतं. शब्दाचा जन्मच मुळी त्या ओरडण्यातून झाला. तपासणं, थांबवणं, खजिना आणि बँक हे सगळं त्याच्यामागून आलं. आमच्याकडे शब्द पोचला, ओरडणं वाटेत कुठेतरी गळालं. (कन्या सांगते की हल्लीच्या स्पर्धांमध्ये चेक म्हणून सांगण्याचं बंधन नाही. असेल.)

मग मी ते केलं जे कारकुनाला येतं. अर्ज लिहिला. तिच्या अंगठ्याखाली माझी सही साक्षीला. कचेरीने सांगितलं, ज्या साहेबांच्या सहीने चेक निघाला त्यांची बदली झाली. मग सांगितलं, जुना चेक जमा करा. जमा केला. मग सांगितलं, जमा केल्याची पोच दाखवा. बाई दोनदा आली. तिला ते पैसे मुकादमाच्या मागल्या बाकीत भरायचे होते, म्हणजे या साली घरी राहता आलं असतं आणि पोरगी शाळेत राहिली असती. पाचवीत होती, दर साली दिवाळीनंतर तिचं नाव हजेरीवर आणि ती फडात. जूनपर्यंत चेक आला नाही. जुलैत ती आली ती सांगायला, की नवी उचल घेतली, आता काही घाई नाही. "घाई नाही" असंच म्हणाली. मी तेव्हा टोकनं मोजत होतो, मोजत राहिलो.

नवा चेक निघाला ३ ऑक्टोबरच्या तारखेचा. तेरा तारखेला दसरा होता. पोस्टातून तो गावात पोचला तेव्हा कोयते कराडच्या वाटेला लागले होते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दार उघडून आम्ही अजून खुर्च्या पुसत होतो, तोच एक म्हातारी आत आली. नऊवारी गुडघ्यापर्यंत, पायात काही नाही. पहिल्या एसटीने, अर्ध्या तिकिटात आली होती. सुनेने फडातून कुणाच्या तरी मोबाईलवरून निरोप धाडला होता, कणगीत ठेवू नका, शिळा व्हायच्या आत त्या चष्म्याच्या सायबाला नेऊन दाखवा. म्हातारीने पिशवीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून वर्तमानपत्राची घडी. चेक काउंटरवर ठेवला, पण वरचा हात काढला नाही.

"ताजा हाय का बगा."

मी तारीख पाहिली. बोटांवर महिने मोजले. खरं म्हणजे मोजायची गरज नव्हती, पण तिला मोजताना दिसायला हवं होतं. म्हणालो, "ताजा आहे, आजी." स्लिप भरली, सुनेच्या खात्यात जमा केला, स्थळप्रतीवर शिक्का मारून तिच्या हातात दिली. शिक्का तिने पालथ्या बोटाने चाचपून पाहिला, ओला आहे की वाळला ते. मग ती स्थळप्रत त्याच घडीत, घडी त्याच पिशवीत गेली.

दारापर्यंत जाऊन ती मागे वळली. म्हणाली, "आता मला धा वाजंची गाडी घावंल का?"

दहाला पाच कमी होते. शिपायाला मी तिच्याबरोबर स्टँडपर्यंत धाडलं.